फाइल भलत्याच फोल्डरमध्ये सेव्ह होते तेव्हा: मूळ शोधायचं कसं, दुरुस्त करायचं कसं

सेव्हचं बटण दाबलं, एरर आला नाही, आणि फाइल मात्र हव्या त्या फोल्डरमध्ये नाही. बहुतेक वेळा अशी फाइल हरवलेली नसते. ती डिस्कवर एका नेमक्या पत्त्यावर नीट लिहिली गेलेली असते. फक्त तो पत्ता तुम्ही ठरवलेला नसतो, दुसऱ्याच कुणी तरी ठरवलेला असतो. प्रोग्रामची स्वतःची सेटिंग, सेव्हच्या खिडकीची आठवण, ऑपरेटिंग सिस्टिमने परस्पर वळवलेलं फोल्डर, प्रोग्राम ज्या फोल्डरमधून सुरू झाला ते फोल्डर, किंवा परवानगी न मिळाल्यामुळे शोधलेली पळवाट, यांपैकी कुणी तरी एक. तो कोण हे कळलं की दुरुस्ती दोन मिनिटांची असते. ते न कळता केलेली दुरुस्ती पुढच्या आठवड्यात परत करावी लागते.

म्हणून कामाचा क्रम सांभाळा. आधी फाइलचा पूर्ण पत्ता, मग त्या पत्त्यावरून कारण, मग सेटिंग, आणि अगदी शेवटी जुन्या फाइलींची हलवाहलव. बहुतेक जण पहिल्याच मिनिटाला फाइल कट करून हव्या त्या जागी पेस्ट करतात. त्यामुळे माग पुसला जातो. शिवाय प्रोग्राम पुढच्या वेळी जुन्याच जागी नवी फाइल बनवतो आणि एकाच नावाच्या दोन फाइली तयार होतात. ताजी कोणती, जुनी कोणती, हे नंतर कळत नाही. चुकीच्या जागी सेव्ह होण्यापेक्षा हा घोळ जास्त नुकसान करतो.

आधी फाइल गाठा

प्रोग्राम अजून उघडा असेल तर तो बंद करू नका. विंडोजवर वर्ड किंवा एक्सेलमध्ये एफ१२ दाबा. 'सेव्ह अ‍ॅज'ची पूर्ण खिडकी उघडते आणि सध्याचं फोल्डर तिथेच दिसतं. 'फाइल' मेनूतल्या 'इन्फो' पानावर 'कॉपी पाथ' आणि 'ओपन फाइल लोकेशन' ही बटणंही असतात. मॅकवर बहुतेक प्रोग्राममध्ये खिडकीच्या वरच्या पट्टीतल्या फाइलच्या नावावर कमांड बटण धरून क्लिक केलं, की फोल्डरांची पूर्ण उतरंड दिसते. ब्राउझरने उतरवलेली फाइल असेल तर विंडोजवर कंट्रोल आणि जे एकत्र दाबा आणि त्या फाइलसमोरच्या फोल्डरच्या चिन्हावर क्लिक करा.

प्रोग्राम बंद झाला असेल तर नावावरून शोधू नका, प्रकारावरून शोधा. कारण नावातच गडबड झालेली असू शकते (पुढे याचं एक उदाहरण आहे). फाइल एक्सप्लोररमध्ये 'धिस पीसी' उघडा, शोधाच्या चौकटीत तारांकन, टिंब आणि एक्स्टेंशन (फाइलच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी, तिचा प्रकार सांगणारी अक्षरं) लिहा, आणि निकाल 'डेट मॉडिफाइड'नुसार लावा. नुकतीच सेव्ह केलेली फाइल सगळ्यात वर येते. मात्र 'अ‍ॅपडेटा' हे लपवलेलं फोल्डर विंडोजच्या नेहमीच्या इंडेक्समध्ये (शोधासाठी आधीच बनवलेल्या यादीत) धरलेलं नसतं, आणि चुकलेल्या फाइली बऱ्याचदा नेमक्या तिथेच असतात. 'व्ह्यू' मेनूतून 'शो' आणि मग 'हिडन आयटम्स' चालू करा आणि त्या फोल्डरमध्ये शिरून वेगळा शोध घ्या. नावानुसार झटपट शोध घेणारं 'एव्हरीथिंग' हे मोफत साधन ठेवलंत तर हे काम काही सेकंदांत होतं. लिनक्स आणि मॅकच्या टर्मिनलवर 'फाइंड' कमांडला 'एममिन' पर्यायासोबत उणे १५ दिलं की गेल्या १५ मिनिटांत बदललेल्या फाइलींची यादी मिळते.

तरीही नाही सापडली तर चाचणी फाइल बनवा. एरवी कुठेच नसेल असं नाव द्या, उदाहरणार्थ 'चाचणी-७३१-जागा'. त्याच प्रोग्राममधून, नेहमीच्याच पद्धतीने ती सेव्ह करा आणि मग ते नाव शोधा. पुढच्या सगळ्या तपासात हीच पद्धत परत वापरायची आहे. खऱ्या फाइलींवर प्रयोग करू नका.

फाइल सापडली की एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत मोकळ्या जागी क्लिक करा. फोल्डरांची गोंडस नावं जाऊन खरा, पूर्ण पत्ता दिसतो. ही पायरी वगळू नका. 'डॉक्युमेंट्स' नावाची दोन वेगळी फोल्डरं एकाच संगणकावर असू शकतात, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखी दिसतात.

पत्ताच कारण सांगतो

पूर्ण पत्ता हातात आला की अर्धं काम झालं. तो असा वाचा:

- पत्त्यात 'वनड्राइव्ह' किंवा 'आयक्लाउड' आलं, तर सिस्टिमने फोल्डर क्लाउडकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या किंवा अ‍ॅपलच्या इंटरनेटवरच्या साठवणीकडे, वळवलं आहे.
- 'टेम्प' किंवा 'आयनेटकॅश' आलं, तर फाइल ईमेलच्या अटॅचमेंटमधून किंवा झिपमधून थेट उघडली होती.
- 'व्हर्च्युअलस्टोअर' आलं, तर प्रोग्रामला लिहायला परवानगी नव्हती.
- 'सिस्टिम३२' आलं, किंवा प्रोग्रामचं स्वतःचं फोल्डर आलं, तर पत्ता अर्धवट दिलेला होता.
- फाइल हव्या त्या फोल्डरच्या शेजारी, एक पायरी वर आहे आणि तिच्या नावाला फोल्डरचं नाव चिकटलं आहे, तर पत्त्यात फोल्डर आणि फाइलचं नाव वेगळं करणारी तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, राहिला आहे.
- पत्ता दुसऱ्याच यूजरच्या फोल्डरमधला असेल, तर प्रोग्राम दुसऱ्या खात्याने चालला आहे.

आता एकेक कारण पाहू. सगळ्यांना सारखी जागा दिलेली नाही. ज्यात लोक जास्त अडकतात त्यावर जास्त थांबलो आहोत.

वनड्राइव्हने वळवलेली फोल्डरं

वनड्राइव्हचं बॅकअप चालू असेल तर 'डेस्कटॉप', 'डॉक्युमेंट्स' आणि 'पिक्चर्स' ही फोल्डरं यूजरच्या मूळ फोल्डरमधून उचलून वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये नेली जातात. म्हणजे खरा पत्ता 'सी → यूजर्स → तुमचं नाव → वनड्राइव्ह → डॉक्युमेंट्स' असा होतो. जे प्रोग्राम विंडोजला विचारून पत्ता घेतात ते निमूटपणे नव्या जागी लिहितात. ज्यांच्यात जुना पत्ता पक्का लिहून ठेवलेला आहे, ते 'सी → यूजर्स → तुमचं नाव → डॉक्युमेंट्स' इथे लिहितात, आणि गरज पडली तर ते फोल्डर नव्याने तयारही करतात. दोन 'डॉक्युमेंट्स' येतात ती अशी.

बॅकअप नको असेल तर टास्कबारवरच्या ढगाच्या चिन्हावर क्लिक करा, गिअरमधून 'सेटिंग्ज', तिथून 'सिंक अँड बॅकअप', मग 'मॅनेज बॅकअप', आणि हव्या त्या फोल्डरांची बटणं बंद करा. यानंतर लोक घाबरतात, कारण डेस्कटॉप अचानक रिकामा दिसू शकतो. काही आवृत्त्या फाइली संगणकावर परत आणायच्या का, असं विचारतात. विचारलं नाही तर फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच राहतात आणि नवं, रिकामं स्थानिक फोल्डर समोर येतं. काहीही पुसलेलं नसतं.

त्या फाइली परत आणताना दोन गोष्टी पाळा. पहिली: ज्या फाइलींवर नुसतं ढगाचं चिन्ह आहे त्या तुमच्या डिस्कवर नाहीत. फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि हिरवी खूण येईपर्यंत थांबा. दुसरी: कट करू नका, कॉपी करा. वनड्राइव्हच्या फोल्डरमधून फाइल बाहेर हलवणं म्हणजे क्लाउडवरून आणि जोडलेल्या बाकी सगळ्या उपकरणांवरून ती काढून टाकणं. असं झालंच तर वेबवरच्या वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये बघा. वैयक्तिक खात्यात तिथे ३० दिवस मिळतात.

बॅकअप चालू ठेवायचं असेल तर तेही उत्तमच आहे. मग उलट करा: जुन्या पत्त्याला चिकटलेल्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये जाऊन नवा पत्ता द्या. दोन्हींपैकी एक ठरवा आणि ते सगळीकडे सारखं ठेवा. अर्धं इकडे अर्धं तिकडे ठेवलं, तर हा त्रास संपत नाही.

मॅकवर हाच प्रकार आयक्लाउड ड्राइव्हच्या 'डेस्कटॉप अँड डॉक्युमेंट्स फोल्डर्स' या पर्यायाने होतो. तो बंद केल्यावरही फाइली आयक्लाउड ड्राइव्हमध्येच राहतात आणि तिथून हाताने परत आणाव्या लागतात.

अटॅचमेंट आणि झिप: इथे काम खरोखर वाया जाऊ शकतं

बाकीच्या कारणांमध्ये फाइल सापडते. इथे ती पुसलीही जाऊ शकते, म्हणून हा भाग नीट वाचा.

आउटलुकमधली अटॅचमेंट थेट डबल क्लिक करून उघडली, की आउटलुक तिची एक प्रत 'अ‍ॅपडेटा → लोकल → मायक्रोसॉफ्ट → विंडोज → आयनेटकॅश → कंटेंट.आउटलुक' या फोल्डरातल्या, अगम्य नावाच्या एका उपफोल्डरमध्ये ठेवून ती उघडतो. तुम्ही 'एनेबल एडिटिंग' दाबता, तासभर दुरुस्त्या करता, सेव्ह करता. ईमेलमधली मूळ फाइल तशीच राहते आणि तुमचं काम त्या तात्पुरत्या प्रतीत जाऊन बसतं. आउटलुक बंद होताना ती प्रत साफ होऊ शकते.

फाइल अजून उघडी असताना हे लक्षात आलं तर लगेच एफ१२ दाबून ती स्वतःच्या फोल्डरमध्ये सेव्ह करा. बंद केली असेल तर आउटलुक बंद न करता वरचा पत्ता एक्सप्लोररच्या पट्टीत टाइप करून तिथे जा. हे फोल्डर क्लिक करत गेल्यास सहसा दिसत नाही, पत्ता टाइप केल्यावर उघडतं. वर्डमध्ये 'फाइल → इन्फो → मॅनेज डॉक्युमेंट → रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स' हाही रस्ता आजमावून बघा.

झिपचंही तसंच आहे. विंडोजमध्ये झिप फाइलच्या आत डबल क्लिक करून दस्तऐवज उघडला तर 'टेम्प' फोल्डरमधली प्रत उघडते आणि तिथे केलेले बदल झिपमध्ये परत जात नाहीत. सवय एकच लावून घ्या: अटॅचमेंट आधी 'सेव्ह अ‍ॅज' करा, झिप आधी 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करा, मगच उघडा.

ब्राउझर

हे सोपं आहे. क्रोम आणि एज दोन्हींत 'सेटिंग्ज'मधलं 'डाउनलोड्स' पान उघडा, 'लोकेशन' बदला, आणि प्रत्येक फाइलसाठी जागा विचारण्याचं बटण चालू करा. फायरफॉक्समध्ये 'जनरल' पानावर 'डाउनलोड्स'खाली हेच दोन पर्याय आहेत. सफारीत 'जनरल'मध्ये 'फाइल डाउनलोड लोकेशन'. जागा विचारण्याचं बटण चालू ठेवावं असं आमचं स्पष्ट मत आहे. एक जास्तीचा क्लिक लागतो, पण नंतरची शोधाशोध वाचते.

फायरफॉक्सच्या दोन गोष्टी माहीत असू द्या. एक म्हणजे ते प्रत्येक वेबसाइटसाठी शेवटचं फोल्डर वेगळं लक्षात ठेवतं. त्यामुळे एका साइटवरची फाइल इथे आणि दुसऱ्या साइटवरची तिथे जाते, यात बिघाड काही नसतो. दुसरी, मार्च २०२२ मध्ये आलेल्या ९८ व्या आवृत्तीपासून नुसत्या 'उघडून बघितलेल्या' फाइलीही डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये जमा होतात. आधी त्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये जायच्या.

ठरवून दिलेलं फोल्डर बाहेरच्या ड्राइव्हवर असेल आणि तो ड्राइव्ह जोडलेला नसेल, तर फाइल दुसरीकडे जाणं किंवा डाउनलोड फसणं साहजिक आहे. डाउनलोडचं फोल्डर शक्यतो आतल्या डिस्कवरच असू द्या.

प्रोग्रामची सेटिंग आणि सेव्हच्या खिडकीची आठवण

विंडोजची सेव्हची खिडकी प्रत्येक प्रोग्रामसाठी शेवटचं वापरलेलं फोल्डर लक्षात ठेवते. तुम्ही पेन ड्राइव्हवरची एखादी फाइल बघायला म्हणून उघडली, की पुढचं सेव्हही तिकडेच जायला बघतं. हा दोष नाही, पण घाईत एंटर दाबणाऱ्याला नडतो. सेव्हच्या खिडकीत वरची फोल्डरची पट्टी वाचून मगच एंटर दाबा.

कायमचं फोल्डर ठरवायच्या जागा अशा: वर्ड आणि एक्सेलमध्ये 'फाइल → ऑप्शन्स → सेव्ह', तिथे 'डिफॉल्ट लोकल फाइल लोकेशन'मध्ये पत्ता लिहा आणि 'सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डिफॉल्ट'वर खूण करा. खूण नसेल तर नवी फाइल सेव्ह करताना आधी क्लाउडच सुचवला जातो, आणि लिहिलेल्या पत्त्याचा उपयोग होत नाही. लिब्रेऑफिसमध्ये 'टूल्स → ऑप्शन्स → लिब्रेऑफिस → पाथ्स', तिथली 'माय डॉक्युमेंट्स'ची ओळ. फोटोशॉपमध्ये 'प्रेफरन्सेस'मधल्या 'फाइल हँडलिंग' पानावर 'सेव्ह अ‍ॅज टू ओरिजिनल फोल्डर' हा पर्याय.

स्क्रीनशॉटबद्दल थोडक्यात. विंडोज बटण आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबून घेतलेले 'पिक्चर्स'मधल्या 'स्क्रीनशॉट्स'मध्ये जातात, गेम बारने घेतलेले 'व्हिडिओज'मधल्या 'कॅप्चर्स'मध्ये. मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ५ दाबून 'ऑप्शन्स'मध्ये जागा बदलता येते.

'डॉक्युमेंट्स' दुसऱ्या ड्राइव्हवर नेताना होणारी चूक

सी ड्राइव्ह भरला की लोक 'डॉक्युमेंट्स'वर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधल्या 'लोकेशन' टॅबवरून ते डी ड्राइव्हवर नेतात. हे योग्यच आहे. चूक होते ती पत्ता देताना. आधी डी ड्राइव्हवर 'डॉक्युमेंट्स' नावाचं फोल्डर बनवा आणि 'मूव्ह'मध्ये ते निवडा. नुसता डी ड्राइव्ह निवडला तर संपूर्ण ड्राइव्हच 'डॉक्युमेंट्स' होऊन बसतो, आणि मग 'रिस्टोअर डिफॉल्ट'ही सरळपणे चालत नाही. तसंच 'डाउनलोड्स' आणि 'डॉक्युमेंट्स' या दोघांना एकच फोल्डर देऊ नका. दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि वेगळी करणं फार त्रासाचं होतं.

आणखी एक जागा विसरली जाते: 'सेटिंग्ज → सिस्टिम → स्टोरेज → अ‍ॅडव्हान्स्ड स्टोरेज सेटिंग्ज → व्हेअर न्यू कंटेंट इज सेव्हड'. इथे कुणी ड्राइव्ह बदलून ठेवला असेल तर नवी कागदपत्रं किंवा फोटो त्या ड्राइव्हवर जातात आणि जुने जिथल्या तिथे राहतात. 'नव्या फाइली सापडत नाहीत, जुन्या सापडतात' असं असेल तर आधी हीच जागा तपासा.

परवानगी नसली की

विंडोज व्हिस्टापासून 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये साध्या यूजरला लिहिता येत नाही. जुने ३२ बिटचे प्रोग्राम मात्र तिथेच लिहायला जातात. ते बंद पडू नयेत म्हणून विंडोज त्यांचं लिखाण गुपचूप 'अ‍ॅपडेटा → लोकल → व्हर्च्युअलस्टोअर' इथे वळवतं. प्रोग्रामला वाटतं फाइल जागेवर आहे, तुम्हाला एक्सप्लोररमध्ये ती दिसत नाही. हे फोल्डर प्रत्येक यूजरचं वेगळं असतं. त्यामुळे एकाच संगणकावर दोघांना एकाच प्रोग्राममध्ये वेगवेगळा डेटा दिसतो. हिशेबाच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ही गोष्ट फार महागात पडू शकते.

अशा वेळी 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' हा उपाय सुचवला जातो. तो करू नका. प्रशासक म्हणून चालवल्यावर हे वळवणं थांबतं, प्रोग्राम खऱ्या 'प्रोग्राम फाइल्स'मधली जुनी फाइल उघडतो, आणि मधल्या काळातलं सगळं काम गायब झाल्यासारखं दिसतं. प्रोग्रामच्या सेटिंगमधून डेटाचं फोल्डर 'डॉक्युमेंट्स'मध्ये किंवा वेगळ्या ड्राइव्हवर न्या आणि 'व्हर्च्युअलस्टोअर'मधली फाइल तिथे कॉपी करा.

विंडोज १० आणि ११ मध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' चालू असेल तर अनोळखी प्रोग्रामला 'डॉक्युमेंट्स'मध्ये लिहूच दिलं जात नाही. 'विंडोज सिक्युरिटी → व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन → मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन' इथून तेवढ्या एका प्रोग्रामला परवानगी द्या. पूर्ण संरक्षण बंद करू नका.

स्क्रिप्ट आणि कमांड: अर्धवट पत्त्याचे खेळ

स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून ठेवलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये, नुसतं 'अहवाल.सीएसव्ही' असं नाव दिलं तर फाइल स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये जाईल अशी समजूत असते. ती चुकीची आहे. फाइल चालू फोल्डरमध्ये जाते, म्हणजे कमांड ज्या फोल्डरमधून दिली तिथे. व्हीएस कोडमधून पायथनची स्क्रिप्ट चालवली तर चालू फोल्डर सहसा उघडलेल्या प्रोजेक्टचं असतं, स्क्रिप्टचं नसतं. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत चालू फोल्डर छापून बघा, उलगडा होतो. कायमचा उपाय म्हणजे पत्ता स्क्रिप्टच्या स्वतःच्या जागेवरून तयार करणं किंवा पूर्ण पत्ता देणं.

टास्क शेड्युलरने (ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीने) चालवलेल्या कामाचं चालू फोल्डर, काही सांगितलं नाही तर, 'सिस्टिम३२' असतं. टास्कच्या 'अ‍ॅक्शन'मध्ये 'स्टार्ट इन' या चौकटीत फोल्डरचा पत्ता लिहा, आणि तो अवतरणचिन्हांशिवाय लिहा. पत्त्यात मोकळी जागा असली तरीही. अवतरणचिन्हं घातली तर टास्क सुरूच होत नाही. लिनक्सवर ठरलेल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन यूजरच्या होम फोल्डरमधून काम सुरू करतो, आणि मागे चालणाऱ्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीची सिस्टिम सेवा मुळापासून, म्हणजे एकट्या स्लॅशपासून.

आता राहिलेला स्लॅश. समजा फोल्डरचं नाव 'अहवाल' आणि फाइलचं 'जानेवारी.सीएसव्ही'. स्क्रिप्टने ही दोन नावं नुसती जोडली तर 'अहवालजानेवारी.सीएसव्ही' नावाची फाइल बाहेरच्या फोल्डरमध्ये तयार होते. एरर येत नाही, 'अहवाल' फोल्डर रिकामं राहतं, आणि 'जानेवारी' पासून सुरू होणारं नाव शोधणाऱ्याची नजर यादीत 'अ' पाशी जातच नाही. नावं हाताने जोडू नका, भाषेतली पत्ता जोडण्याची सोय वापरा. विंडोजवर बॅकस्लॅश टाकून लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर नेली तरी असंच होतं. तिथे बॅकस्लॅश हे नावातलं साधं अक्षर धरलं जातं, म्हणून 'अहवाल\जानेवारी.सीएसव्ही' अशा पूर्ण नावाची एकच फाइल बनते.

सगळ्यात घातक प्रकार म्हणजे पोचायचं फोल्डरच नसणं. लिनक्सवर 'एमव्ही' या हलवण्याच्या कमांडने एक फोटो 'बॅकअप'कडे हलवायला सांगितला आणि 'बॅकअप' नावाचं फोल्डर नसेल, तर त्या फोटोचंच नाव 'बॅकअप' होतं. हीच कमांड लूपमध्ये, म्हणजे एकामागून एक, शंभर फोटोंवर चालली तर प्रत्येक फोटो आधीच्यावर लिहिला जातो आणि शेवटचा एकच उरतो. विंडोजच्या 'कॉपी' कमांडला तारांकन देऊन बऱ्याच फाइली नसलेल्या फोल्डरकडे पाठवल्या, तर त्या सगळ्या एकापुढे एक जोडून एकच फाइल बनते. मूळ फाइली शाबूत राहतात हे नशीब. उपाय: फोल्डर आधी बनवा आणि फोल्डरच्या नावाच्या शेवटी स्लॅश द्या. मग फोल्डर नसेल तर कमांड चुपचाप नाव बदलण्याऐवजी एरर देते, आणि तेच हवं आहे.

आणखी काही खाचखळगे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सीडी'ने डी ड्राइव्हवरचं फोल्डर दिलं तरी ड्राइव्ह बदलत नाही, सोबत 'स्लॅश डी' लागतं. लिनक्सवर होम फोल्डर दाखवणारं टिल्ड (~) हे चिन्ह अवतरणचिन्हांत लिहिलं तर होम फोल्डरच्या पत्त्यात बदलत नाही. त्या चिन्हाच्या नावाचंच फोल्डर तयार होऊ शकतं. ते पुसताना कमांड वापरू नका, फाइल मॅनेजरमधून पुसा, कारण कमांडमध्ये अवतरणचिन्ह विसरलं तर तुमचं संपूर्ण होम फोल्डर जाईल. आणि 'सुडो'ने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवलेला प्रोग्राम फाइली रूट यूजरच्या (प्रशासकाच्या) होम फोल्डरमध्ये किंवा त्याच्या मालकीच्या करून ठेवतो.

ड्राइव्ह जागेवर नसतो तेव्हा

लिनक्सवर बॅकअपची डिस्क एखाद्या फोल्डरवर जोडलेली असते. डिस्क जोडली गेली नाही तरी ते रिकामं फोल्डर असतंच. बॅकअपची स्क्रिप्ट तिथे खुशाल लिहिते, आणि ते सगळं मुख्य डिस्कवर साठतं. नंतर डिस्क जोडली की त्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात. दिसत नाहीत, पण जागा खात राहतात. मुख्य डिस्क भरलेली दिसते आणि एवढी जागा कुठे गेली हे कळत नाही, तेव्हा हा संशय घ्या. डिस्क सोडवा, त्या फोल्डरमध्ये बघा, तिथल्या फाइली बाजूला घ्या आणि मग परत जोडा. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'माउंटपॉइंट' कमांडने डिस्क जोडलेली आहे का ते तपासा, आणि नसेल तर तिथेच थांबा.

मॅकवर याच कारणाने 'व्हॉल्यूम्स'मध्ये डिस्कच्या नावापुढे १ लागलेलं दिसतं. मूळ नावाचं खोटं फोल्डर आधीच तयार झालेलं असल्याने खऱ्या डिस्कला दुसरं नाव घ्यावं लागतं.

विंडोजवर यूएसबी ड्राइव्हचं अक्षर बदलतं. काल 'ई' होता, आज आणखी एक ड्राइव्ह जोडला म्हणून 'एफ' झाला, आणि बॅकअप भलत्याच ड्राइव्हवर गेलं. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स'मधून इंग्रजी वर्णमालेच्या शेवटाकडचं, सहसा न वापरलं जाणारं एखादं अक्षर पक्कं द्या. सी ड्राइव्हला हात लावू नका. नेटवर्कवरच्या फोल्डरला दिलेलं अक्षर प्रशासक म्हणून चालवलेल्या प्रोग्रामला सहसा दिसत नाही. तिथे दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा सर्व्हरचा पूर्ण पत्ता द्या.

फोनवर

अँड्रॉइडच्या १० व्या आवृत्तीपासून अ‍ॅपना वाटेल त्या फोल्डरमध्ये लिहिण्यावर बंधनं आली आणि ११ व्या आवृत्तीत ती पक्की झाली. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो आता 'अँड्रॉइड → मीडिया'च्या आतल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरमध्ये असतात. जुन्या जागी शोधू नका. क्रोममध्ये 'सेटिंग्ज → डाउनलोड्स'मधून जागा बदलता येते. आयफोनवर सफारीच्या सेटिंगमध्ये 'डाउनलोड्स' बघा: तिथे 'आयक्लाउड ड्राइव्ह' आणि 'ऑन माय आयफोन' हे पर्याय असतात, आणि 'फाइल्स' अ‍ॅपमध्ये ही दोन्ही ठिकाणं वेगळी दिसतात.

काहीच लागू पडत नसेल तर

विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं मोफत 'प्रोसेस मॉनिटर' वापरा. ते प्रशासक म्हणून सुरू करा, कंट्रोल आणि एल दाबून फिल्टर उघडा, 'प्रोसेस नेम'मध्ये प्रोग्रामचं नाव द्या आणि 'अ‍ॅड' दाबा. कंट्रोल आणि एक्सने आधीची यादी पुसा. आता प्रोग्राममधून चाचणी फाइल सेव्ह करा आणि लगेच कंट्रोल आणि ई दाबून नोंद थांबवा. 'ऑपरेशन'च्या रकान्यात 'राइटफाइल' लिहिलेल्या ओळी बघा, शेजारच्या 'पाथ'मध्ये खरा पत्ता असतो. त्याच्या थोडं वर, तुम्हाला हव्या असलेल्या फोल्डरच्या पत्त्यासमोर 'अ‍ॅक्सेस डिनाइड' दिसलं, तर प्रोग्रामने आधी तिथे प्रयत्न केला आणि परवानगी न मिळाल्याने दुसरीकडे गेला. 'पाथ नॉट फाउंड' दिसलं तर सेटिंगमधलं फोल्डर अस्तित्वातच नाही. लिनक्सवर हेच काम 'एसट्रेस' करतं, मॅकवर 'एफएस यूसेज'.

शेवटी जुन्या फाइली हलवा

सेटिंग बदलली की प्रोग्राम पूर्ण बंद करून परत उघडा आणि नवी चाचणी फाइल सेव्ह करा. ती बरोबर जागी गेली तर संगणक पुन्हा सुरू करून आणखी एकदा करा. प्रोग्राम थेट उघडून, एखाद्या फाइलवर डबल क्लिक करून, आणि काम ठरलेल्या वेळी आपोआप चालत असेल तर तसंही, अशा प्रत्येक वाटेने तपासा. या वाटांची चालू फोल्डरं वेगवेगळी असू शकतात.

त्यानंतर चुकीच्या जागच्या फाइली कॉपी करा. एकाच नावाची फाइल दोन्हीकडे असेल तर 'रिप्लेस' दाबू नका. 'कम्पेअर'मधून तारीख आणि आकार बघा, शंका असेल तर दोन्ही ठेवा. तुलना 'डेट मॉडिफाइड'ने करा, कारण कॉपी केल्यावर 'डेट क्रिएटेड' आजची होते. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का पाहा आणि मधल्या चार-पाच फाइली उघडून बघा. एकमेकींना जोडलेल्या एक्सेल फाइली किंवा व्हिडिओचे प्रोजेक्ट असतील तर त्यांच्या आतले पत्ते जुनेच असतात, ते 'एडिट लिंक्स'मधून किंवा प्रोजेक्टच्या पुनर्जोडणीतून बदलावे लागतात. जुन्या फोल्डरचं नाव बदलून त्याच्यापुढे 'जुने' लावा आणि आठवडाभर तसंच राहू द्या. या आठवड्यात कुठल्या प्रोग्रामने जुन्या नावाचं फोल्डर परत तयार केलं, तर अजून एक सेटिंग बदलायची राहिली आहे आणि ती कुणाची हेही त्या फोल्डरमधली नवी फाइलच सांगेल.